पिवळा काठोकाठ

प्रिंटरचा खोका मीच फोडला. बाबा कात्री शोधत होते, तोवर मी दाराच्या चावीने चिकटपट्टी चिरली, थर्माकोल उपसला आणि तो पांढराशुभ्र प्रिंटर जेवणाच्या टेबलावर मांडून हात झटकले.

"भोंग्या, ते माहितीपत्रक तरी वाच आधी," बाबा म्हणाले.

"नको. मला येतं."

"मला येतं" हे माझं तेव्हाचं लाडकं वाक्य होतं. आता आठवलं की कानशिलं तापतात. भोंगा हे नाव बाबांनी ठेवलेलं, आणि तेही नवंकोरं. त्याआधी घरात मला पुटपुट म्हणायचे. वर्गात बाईंनी नाव पुकारलं की मी बाकाखाली पडलेलं पेन शोधायला लागायचे, मग ते पडलेलं असो वा नसो. पण या वर्षी वक्तृत्व स्पर्धेच्या ऐन तोंडावर आमच्या वर्गातल्या मुलीचा घसा बसला, बाईंनी तिच्या जागी मला ढकललं, आणि स्टेजवर गेल्यावर काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून आवाज निघाला. नुसता निघाला नाही, सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला. टाळ्या पडल्या. त्यानंतर मी थांबलेच नाही. दुकानात, जिन्यात, मावशीच्या फोनवर, सगळीकडे मीच.

प्रिंटर आणला होता तो मात्र आईसाठी.

आई हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे. जखमा धुणं, पट्ट्या बदलणं यात तिचा हात धरणारं कुणी नाही. नव्या मुली कामाला लागल्या की बदकाच्या पिल्लांसारख्या तिच्या मागे फिरतात, कारण ती ओरडत नाही आणि हात धरून दाखवते. तिकडच्या प्रशिक्षण वर्गात शिकवणाऱ्या सिस्टरची जागा रिकामी झाली होती. ती मिळाली असती तर आईच्या रात्रपाळ्या सुटल्या असत्या, आणि जे तिला मनापासून आवडतं तेच तिचं काम झालं असतं. एरवी असं काही निघालं की "आपल्याला कुठं चारचौघांत बोलता येतंय" म्हणून ती विषय बदलायची. या वेळी तिने अर्ज केला. उमेदवार दोघीच, आई आणि ऑपरेशन थिएटरच्या एक सिस्टर. दोघींनी नव्या मुलींना एकेक पाठ शिकवून दाखवायचा, मेट्रनबाई आणि दोन डॉक्टर बाजूला बसून बघणार. आणि शिकवायचं साहित्य जिचं तिने स्वतः तयार करायचं.

आईने विषय घेतला जखमेचा रंग.

"जखम आधी डोळ्यांनी वाचायची," ती भाजी चिरता चिरता मला सांगायची. "लाल असेल तर भरत आलीय. पिवळा थर दिसला तर घाण आहे, साफ करायची. काळी पडली तर डॉक्टरांना हाक मारायची. आणि फिकट गुलाबी दिसली तर नवी कातडी धरतेय, तिला उगाच डिवचायचं नाही."

"ई! आई, मी आत्ता खाणार आहे ना!"

"मग खा की. मी कुठं वाढतेय जखम?"

वॉर्डातले, चेहरे न दिसणारे फोटो तिला डॉक्टरांनी दिले होते. त्यांची रंगीत कार्डं करायची आणि प्रत्येक बाकावर एकेक गठ्ठा ठेवायचा, ही कल्पना तिची. बाकी सगळं मी तिच्या हातातून काढून घेतलं.

"तू फक्त बोलायची तयारी कर. कार्डं माझ्यावर सोड."

"शब्द माझेच ठेव हं. साहित्य आपलं आपण करायचंय."

"टाइप करणं म्हणजे काय करणं असतं का? तू सांगतेस, मी बडवते."

शब्द मी तिचेच ठेवले. फक्त तिने जिथं 'जखमेचे रंग' एवढंच लिहिलं होतं तिथं मी 'जखम जेव्हा बोलू लागते' असं केलं. आई हसली. "बोलू लागली तर पळून जातील पोरी," म्हणाली. पण ते तसंच राहू दिलं. माझ्यापुढे ती हल्ली थोडी दबूनच असायची. मला वाटायचं, कौतुकाने.

आता शाईचं. प्रिंटरच्या पोटात कंपनीने घालून दिलेल्या चार कार्ट्रिज होत्या. काळी, निळी, किरमिजी आणि पिवळी.

"त्या संपू दे आधी," बाबा म्हणाले. ते लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे नव्या यंत्राला लगेच हात लावणाऱ्या माणसांवर त्यांचा मुळातच राग.

"बाबा, त्या नावापुरत्या असतात. चार फोटो काढले की ठणठणाट. मग ऐन वेळी पळा दुकानात. त्यापेक्षा भरायच्या कार्ट्रिज घ्यायच्या, बाटल्या घ्यायच्या, की वर्षभर बघायला नको. मी सगळं बघून ठेवलंय."

"कुठं बघितलंस?"

"व्हिडिओ. तो माणूस डाव्या हाताने भरतो."

"मग त्यालाच बोलव. उजवा हात मोकळा असेल त्याचा."

आई म्हणाली, "आणू दे हो. एवढं मन लावून करतेय." बाबांनी हात वर केले. भरायच्या कार्ट्रिज आल्या.

दिसायला काय गोड होत्या त्या! पारदर्शक, अंगठ्याएवढ्या, आतली शाई बाहेरून दिसणाऱ्या. वरच्या बाजूला दोन भोकं. मोठ्यातून शाई भरायची आणि रबरी बूच लावायचं. लहान भोक हवेचं. त्यात एक छोटी खुंटी असते, ती कार्ट्रिज प्रिंटरमध्ये बसवताना काढून टाकायची. आतली शाई खाली उतरायची तर वरून हवा आत शिरली पाहिजे. हे मला तोंडपाठ होतं. बाबांना मी ते हातवारे करून समजावलंसुद्धा, आणि ते "हो का" म्हणाले.

सिरिंज आमच्या घरात भीतीची वस्तू नाही. मी वर्तमानपत्र अंथरलं, बाह्या सारल्या आणि आई जशी हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर आणते तशी टिचकी मारली. काळी भरली. निळी भरली. किरमिजी भरली. पिवळ्याला आले तोवर मी इतकी खुशीत होते की गाणं म्हणत होते. पिवळी जास्तच भरली. हवेच्या भोकातून शाईचा थेंब फुगून वर आला, ओघळला, बोटांवर, वर्तमानपत्रावर, तिथून टेबलावर. मी पुसलं. परत आला. परत पुसलं.

आमच्या घरात कशाचंही तोंड उघडं ठेवत नाहीत. औषधाची बाटली, मलमाची ट्यूब, खरचटलेला गुडघा, सगळं लगेच बंद. लहानपणापासून माझ्या हाताला तीच सवय. मी आईच्या मलमपट्टीच्या पेटीतली पाण्याने न सुटणारी पांढरी चिकटपट्टी घेतली, छोटा तुकडा कापला आणि त्या गळक्या भोकावर चापून बसवला. टोक थोडं दुमडून ठेवलं, म्हणजे काढताना सापडतं. आई तसंच करते. खुंटी काढा असं लिहिलं होतं, ती मी काढली होती. पट्टी लावू नका असं कुठं लिहिलं होतं?

चारही कार्ट्रिज खट्खट् बसल्या. प्रिंटर घरघरला, आणि त्याच्या इवल्याशा स्क्रीनवर चार रंगांचे चार खांब उभे राहिले. चारही काठोकाठ.

पहिला गठ्ठा सुरेख आला. आई ड्यूटीवरून आली, पर्सही खाली न ठेवता तिने कार्डं हातात घेतली. चौथं कार्ड तिने दिव्याखाली धरलं. त्यावर टाचेवरची एक जखम होती, मध्यभागी पिवळा, चिकट थर असलेली.

"अगदी अशीच दिसते," ती म्हणाली. "किती छान आलंय गं! पिवळं असं दिसलं ना, की शिकवायला काही उरतच नाही. पोरी स्वतःच ओळखतील."

मी मान वाकवून नमस्कार केला, स्टेजवर करतात तसा. बाबांनी टाळी वाजवली.

बाकीच्या बाकांचे गठ्ठे मी दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर काढायला घेतले. आई दुपारपाळीला गेलेली. कार्डं एकामागून एक बाहेर सरकत होती आणि मी आरशापुढे उभी राहून, आईने पाठ कसा सुरू करावा याची माझ्या आवाजात तालीम करत होते. थोड्या वेळाने ट्रे रिकामा करायला गेले, तर वरची कार्डं वेगळी वाटली. माणसांची कातडी जांभळट. रक्त गुलाबी सरबतासारखं. आणि टाचेवरच्या जखमेतला तो पिवळा थर गायब. तिथं फिकट, गुळगुळीत, जवळजवळ सुंदर असा गुलाबी डाग.

मी स्क्रीन बघितली. पिवळा काठोकाठ.

मग नोझल तपासायचं पान काढलं. त्यावर चारही रंगांच्या बारीक रेघा येतात, कुठली तुटली तर समजतं. काळ्या रेघा सलग होत्या. निळ्या, किरमिजी सलग. पांढऱ्या कागदावरच्या पिवळ्या रेघा ट्यूबलाइटखाली कुणाला दिसतात? मी कागद तिरका केला, सरळ केला. असतील, म्हटलं. यंत्र कशाला खोटं बोलेल? सफाईचं बटण दाबलं, प्रिंटरने आतल्या आत बरीच आदळआपट केली, आणि पुढचं कार्ड खरंच पिवळं आलं. झालं! मी पुन्हा आरशाकडे. त्यानंतरची कार्डं परत गुलाबी झाली, ती मी बघितली. बघितली नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. बघितली.

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते, कारण तीच मला सगळ्यात लाज आणणारी गोष्ट आहे. मला काळजी वाटली नाही. कंटाळा आला. बाबांना सांगायचं तर ते "मी म्हटलं होतं" म्हणणार. कंपनीच्या कार्ट्रिज परत घालायच्या, पुन्हा सगळं छापायचं, आणि मग ज्या कामाचं कौतुक होऊन गेलं ते काम चुकलं होतं असं होणार. मी गठ्ठे लावले. प्रत्येक गठ्ठ्यावर पहिलं कार्ड चांगलं येईल असं बघितलं. पिवळा राहिलेला पहिला गठ्ठा पुढच्या बाकासाठी वेगळा काढला. रबर लावले.

आईचा वॉर्डातून फोन आला. "झाली का गं? सगळी सारखीच आलीत ना?"

"एकदम सारखी," मी म्हटलं. माझ्या स्टेजवरच्या आवाजात.

"गुणाची माझी ती!" आई म्हणाली, आणि मागून कुणीतरी तिला हाक मारली म्हणून फोन ठेवला.

पाठाच्या दिवशी शाळा अर्धीच होती. गठ्ठे उचलायला मी आईबरोबर गेले. प्रशिक्षणाचा वर्ग म्हणजे एक लांबट खोली, दोन रांगांत बाकं, भिंतीला टेकवलेला एक रबरी पेशंट, ज्याची चादर कुणीतरी गळ्यापर्यंत नीट ओढून ठेवली होती. थिएटरच्या सिस्टरांचा पाठ आधी झालेला. आईने केस पुन्हा पुन्हा कानामागे घेतले.

"तू मागे बस," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे बघून माना डोलवू नकोस. मला हसू येतं."

मी मागच्या खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. आई बोलायला लागली. आधी आवाज इतका बारीक, की माझेच ओठ हलायला लागले. मग तिने पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "तुला कधी खरचटलंय का?" ती "हो सिस्टर, कालच, सायकलवरून," म्हणाली. "दाखव की मग, फुकटचा पेशंट मिळाला!" सगळ्या हसल्या, आणि आई एकदम वॉर्डातली आई झाली. मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं आणि नुसत्या ऐकायला लागल्या.

"आता चौथं कार्ड काढा. टाच. काय दिसतं आणि काय करायचं?"

"पिवळी," पुढचा बाक म्हणाला. "साफ करायची."

"गुलाबी," मागून आलं. "नवी कातडी धरतेय. हात लावायचा नाही."

"अगं, पिवळी आहे!"

"डोळे तपास तुझे, ढळढळीत गुलाबी आहे!"

हशा पिकला. आईसुद्धा हसली. "मागच्या बाकाला चष्मा लागलाय वाटतं," म्हणत ती चालत मागे आली आणि तिने त्या मुलीच्या हातातून कार्ड घेतलं.

तिचं हसू तोंडावरच राहिलं, पण आतून कुणीतरी दिवा घालवावा तसं ते झालं. तिने दुसऱ्या बाकावरचं कार्ड उचललं. तिसऱ्या. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तिने विचारल्यासारखं बघितलं, आणि मी खिडकीबाहेर बघितलं.

मेट्रनबाई उठून आल्या. त्यांनी पुढच्या बाकावरचं कार्ड मागवलं आणि दोन्ही शेजारी शेजारी धरली. "सिस्टर, एकाच टाचेचे दोन रंग?"

"छपाईत रंग बिघडलाय, मॅडम," आई म्हणाली. "चूक माझी आहे." एवढंच. मग ती वर्गाकडे वळली. दोन्ही कार्डं तिने मेट्रनबाईंच्या हातातून परत घेतली आणि उंच धरली. "बरं झालं एका अर्थी. मला सांगा, मागच्या बाकाने काय केलं असतं? गुलाबी आहे म्हणून पट्टी तशीच ठेवली असती. आत पिवळं साचत राहिलं असतं. वॉर्डातसुद्धा असंच होतं. रात्री दिवा मंद असतो, कुणीतरी फोटो पाठवतं, फोटोत रंग भलताच येतो. मग फोटोवर विश्वास ठेवायचा का?"

"नाही!"

"मग काय करायचं?"

"पेशंटकडे जायचं, सिस्टर."

"जायचं. दिवा लावायचा. वास घ्यायचा. कड दाबून बघायची. विचारायचं, दुखतं का. रंग चारदा फसवेल, चारही गोष्टी मिळून नाही फसवणार."

मुली भराभर लिहून घेत होत्या. मेट्रनबाई परत खुर्चीत बसल्या आणि शेजारच्या डॉक्टरांकडे झुकून काहीतरी म्हणाल्या, ते डॉक्टर मान हलवत होते. आता मला दिसतं की तो पाठ त्या क्षणी आधीपेक्षा चांगला चालला होता. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की आईने "चूक माझी" म्हटलं आणि ती माझी होती. मला ते सहन होईना. आणि सहन न झालं की काय करायचं ते मला या वर्षी समजलं होतं.

मी उभी राहिले.

"चूक आईची नाही, माझी आहे!"

आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. सगळ्या माना वळल्या. आईचा हात हवेत तसाच राहिला, कार्डांसकट.

"मी या सिस्टरांची मुलगी," मी म्हटलं, आणि काय सांगू, माझे हातसुद्धा आपोआप वर गेले, स्पर्धेत शिकवतात तसे. "नव्या प्रिंटरमध्ये मी भरायच्या कार्ट्रिज घातल्या. पिवळ्या कार्ट्रिजच्या हवेच्या भोकावर मी पट्टी लावली. त्यामुळे हवा आत गेली नाही, आणि शाई उतरली नाही!"

हे मला त्याच क्षणी, बोलता बोलता कळलं. घरी कार्डं गुलाबी होत होती तेव्हा सुचलं नाही, ते वीसेक मुलींसमोर सुचलं, आणि सुचल्याचा मला आनंदसुद्धा झाला. तोही आवाजात आला असणार.

"आईचा काहीएक दोष नाही! तिने ही कार्डं बघितलीच नव्हती! एक गठ्ठा बघितला, बाकीचे उघडलेसुद्धा नाहीत, तिला वेळच नव्हता. ती मला विचारत होती सगळी सारखी आलीत का, आणि मी हो म्हटलं. छापली मी, कापली मी, गठ्ठे मी लावले. 'जखम जेव्हा बोलू लागते' हे नावसुद्धा मीच दिलंय! शिक्षा करायची तर मला करा!"

शेवटच्या वाक्यावर स्पर्धेत टाळ्या पडतात. इथं रबरी पेशंटच्या बाजूने कुणीतरी फिस्कन हसलं आणि तोंडावर हात ठेवला. एका डॉक्टरांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मेट्रनबाई माझ्याकडे बघत होत्या. वाईट नजरेने नाही, उलट लहान मुलीकडे बघावं तशा.

"बस हं बाळा," त्या म्हणाल्या. "तुझी आई बोलत होती."

मी बसले. स्टूल जागेवर नव्हतं, अर्धीच बसले आणि सावरले. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं.

आई पुन्हा बोलायला लागली. काळ्या जखमेचं सांगायचं राहिलं होतं, ते तिने सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं. पण आवाज पहिल्या मिनिटातला झाला होता, आणि या वेळी मी ओठसुद्धा हलवले नाहीत.

बाहेर आल्यावर आम्ही बस न घेता चालायला लागलो. कार्डांची पिशवी आईकडे होती. मी दोनदा हात पुढे केला, तिने दिली नाही.

"आई, मी खरं तेच सांगितलं."

"हो."

"तू उगाच स्वतःवर घेत होतीस."

"उगाच?" ती थांबली. मागून येणारा एक माणूस आमच्याभोवती वळसा घालून गेला. "कार्डं कुणाच्या नावावर होती? वर्गात ती वाटली कुणी? मी न बघता वाटली, ती माझीच चूक. तुझी होती ती घरातली. ती घरी बघितली असती मी, चांगली बघितली असती. इथं मी सावरलं होतं गं. दिसलं नाही तुला?"

"दिसलं नाही," मी म्हटलं. म्हणजे पुटपुटले.

"माझ्यासाठी उठलीस, की तुला बसवेना म्हणून?"

मला उत्तर माहीत होतं. मी ते दिलं नाही, तरी तिला मिळालं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे चालायला लागली.

जागा थिएटरच्या सिस्टरांना मिळाली. मेट्रनबाईंनी आईला बोलावून प्रेमानेच सांगितलं म्हणे. शिकवतेस छान, पण डॉक्टर म्हणाले की जिने आपलं साहित्य उघडून बघितलं नाही आणि मुलीकडून करून घेतलं, तिच्या हाती वर्ग कसा द्यायचा? आईने हे बाबांना स्वयंपाकघरात सांगितलं, मी बाहेर होते. ही दोन्ही वाक्यं मेट्रनबाईंना कुणी पुरवली होती ते तिथं कुणालाच बोलावं लागलं नाही. बाबांनी मला "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. त्यांनी मला भोंगा म्हणणंच बंद केलं. मला वाटलं होतं ते ओरडतील, मी रडेन, मग मिटेल. तसं काही झालंच नाही. आई रात्रपाळीला निघताना डबा घ्यायची, चप्पल घालायची, "दार लावून घे गं," म्हणायची, अगदी पूर्वीसारखं. तेच मला बघवत नव्हतं.

मी तिला म्हटलं, "मी मेट्रनबाईंना भेटू का? माफी मागते. सांगते त्यांना."

"तिथं जाऊन परत बोलणारच ना?" आई म्हणाली. चिडून नाही, थकून.

रविवारी मावशी आली. मावशी म्हणजे आत पाऊल टाकायच्या आधीच चौकशी सुरू.

"काय गं, त्या जागेचं काय झालं? मी सगळ्यांना सांगून बसलेय, माझी बहीण आता मास्तरीण!"

"नाही झालं," आई म्हणाली. "बस आधी. पंख्याखाली बस."

"नाही झालं? का नाही झालं? तुझ्याइतकं कुणाला येतं तिथं?"

मी टेबलाशी बसून भूगोलाचा नकाशा रंगवत होते. मान वर केली नाही. सगळी हकीकत माझ्या तोंडात तयार होती, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत. या वेळी हात वर न करता, साध्या आवाजात, स्वतःला एकही सवलत न देता सांगितली असती. चांगली सांगितली असती. तेच तर होतं, की चांगली सांगितली असती.

आईने पाण्याचा पेला मावशीच्या हातात दिला.

"अगं, काय फजिती सांगू माझी," ती म्हणाली. "कार्डं नेली मी ऐटीत. पुढच्या बाकावर पिवळी, मागच्या बाकावर गुलाबी! एक पोरगी म्हणते साफ करा, दुसरी म्हणते हात लावू नका. वर्गात मारामारी व्हायची बाकी होती. म्हटलं आता हा पेशंट वाचत नाही!"

"अगंबाई! रंग कसा काय बिघडला?"

"नवीन यंत्र. मला कुठं काय कळतं त्यातलं. घाईघाईत बघितलंच नाही मी."

मावशी पोट धरून हसायला लागली. "तू म्हणजे ना! लोकांच्या जखमा रात्रभर जागून बघशील, आणि स्वतःची कार्डं बघायला तुला वेळ नाही!"

"हो ना," आई म्हणाली. "मग मेट्रनबाई उठून आल्या..." आणि ती पुढे सांगत गेली. मेट्रनबाईंचा आवाज काढून दाखवला, डॉक्टरांची मान कशी हलत होती ते दाखवलं. हातवारे केले. कधी नव्हे ते ती इतकी सलग बोलत होती. मावशीचं पाणी हिंदकळत होतं. मी वाट बघत होते, आता खिडकीजवळचं स्टूल येईल, आता मी उठेन. आईने मावशीच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला, काळ्या जखमेचं कसंबसं सांगून संपवलं, आणि गोष्ट तिथंच संपली. मी त्यात आलेच नाही.

मावशी डोळे पुसत माझ्याकडे वळली. "आणि तू गं? एवढी बोलघेवडी झालीयस म्हणे. आईबरोबर जायचं नाही का? तू असतीस तर सांभाळून घेतलं असतंस!"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. ती मावशीची पिशवी उचलून बाजूला ठेवत होती.

"अजून पाणी आणू का, मावशी?" मी विचारलं.